मजला नव्हे, कोपरे मागा

राजारामपुरीतल्या एका निवृत्त शिक्षककाकांनी विचारलं आहे: "आमचं तळमजला आणि वर एक मजला असं घर, बांधलं १९७९ साली. दक्षिणेला लागून एक बैठं घर आहे. ते पाडून पार्किंग आणि वर चार मजले होणार, उंची साधारण १५ मीटर, आमच्या बाजूची भिंत १२ मीटर लांब. आमची भिंत हद्दीपासून दीड मीटर, त्यांची नवी भिंत तीन मीटर. स्वयंपाकघराची खिडकी आणि माडीवर आईच्या खोलीची खिडकी त्याच बाजूला आहे, गच्चीवर सोलर आहे. भाचा लंडनजवळ असतो. तो म्हणतो, तिकडं डेलाइट-सनलाइटचा रिपोर्ट दिल्याशिवाय बांधकामाला परवानगीच नाही. आपणही तसा रिपोर्ट करून महापालिकेत हरकत घ्यावी का? निदान एक मजला तरी कमी करा म्हणून बिल्डरच्या मागं लागावं का?"

काका, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मजल्यासाठी भांडू नका. तो कमी झाला तरी डिसेंबरात तुमच्या स्वयंपाकघरात एक मिनिटही जादा ऊन येणार नाही. त्या इमारतीचे तुमच्या बाजूचे दोन कोपरे कापून मागा. का, ते आकड्यांसह सांगते. मी कोल्हापुरात चोवीस वर्षं आर्किटेक्ट आहे आणि त्यातली अकरा वर्षं ब्रिटनमधल्या सल्लागारांसाठी हेच रिपोर्ट इथं बसून करते. तिकडची पद्धत जशीच्या तशी इथं लावली की काय चुकतं, हे त्यामुळं रोज समोर दिसतं.

पहिली गोष्ट, उजेड वेगळा आणि ऊन वेगळं. आपल्या भाषेत दोन शब्द आहेतच, पण घर बघताना आपण दोन्ही एकात घालतो. उजेड म्हणजे आभाळाच्या ज्या तुकड्याकडं खिडकीचं तोंड आहे, तिथून येणारा प्रकाश. पावसाळ्यात चार महिने सूर्य दिसत नाही, तरी दुपारी डाळ निवडता येते, ती या उजेडावर. ऊन म्हणजे सूर्याची थेट तिरीप. तिला दिशा लागते आणि वेळ लागते. उत्तरेच्या खिडकीला उजेड भरपूर असू शकतो, पण थंडीत ऊन औषधालाही नाही. तुमच्या दोन्ही खिडक्या दक्षिणेच्या, म्हणजे तुमचं दोन्ही जाणार आहे. पण किती जाणार याचा हिशेब दोन्हींचा वेगवेगळा मांडावा लागतो आणि उपायही वेगवेगळे निघतात.

उन्हाची दिशा कोल्हापूरकरांना शिकवायला नको. अंबाबाईचा किरणोत्सव आपण लहानपणापासून बघतो. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येऊन देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात. या तारखा जरा मोजून बघा. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस, तिथून १ फेब्रुवारीपर्यंत ४२. डिसेंबरच्या टोकाच्या दिवसापासून दोन्ही सारख्याच अंतरावर आहेत, म्हणून सूर्य दोन्ही वेळा आभाळात त्याच वाटेनं जातो. त्या दिवसांत तो नेमका पश्चिमेला मावळत नाही, दक्षिणेकडं सुमारे १८ अंश सरकून मावळतो. आणि महाद्वार रोडच्या बाजूला किरणांच्या वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं की किरण अडतात, म्हणून त्या अडथळ्यांची मोजणी करावी लागते, त्यावर गावभर चर्चा होते. ज्याला परदेशात सनलाइट असेसमेंट म्हणतात, ते मुळात हेच: एक ठिकाण, एक वाट, आणि त्या वाटेत कोण आडवं येतं. आपण ते देवीसाठी करतो, आईच्या खोलीसाठी करत नाही.

आता भाच्याचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे. ब्रिटनमध्ये शेजाऱ्याच्या खिडक्यांवर परिणाम होईल असं दिसलं की स्थानिक नियोजन कार्यालय हा रिपोर्ट मागतं. तो बहुतेक वेळा बीआरई या तिकडच्या इमारत-संशोधन संस्थेच्या मार्गदर्शिकेप्रमाणं होतो. ती पहिल्यांदा १९९१ साली आली, २०११ आणि २०२२ साली सुधारून निघाली. त्यातली पहिली चाळणी अगदी सोपी आहे. तुमच्या खालच्या खिडकीच्या मध्यातून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडं रेघ काढा. ती आडव्या पातळीशी २५ अंशांच्या आत असेल तर पुढं काही करायची गरज नाही. त्याहून जास्त भरली तर खिडकीच्या मध्यावर उभ्या पातळीत किती आभाळाचा उजेड पडतो ते मोजतात. समोर काहीही नसेल तर हा आकडा जवळपास ४० टक्के येतो. नव्या इमारतीनंतर तो २७ च्या खाली गेला आणि आधीच्या ०.८ पटीपेक्षाही कमी झाला, तर रहिवाशांना फरक जाणवेल असं धरतात. उन्हासाठी वर्षभरातल्या संभाव्य ऊन-तासांपैकी, म्हणजे मोकळ्या जमिनीवर सरासरीनं जेवढे तास ऊन पडतं त्यांपैकी, निदान २५ टक्के, आणि वर्षाच्या त्याच तासांपैकी निदान ५ टक्के २१ सप्टेंबर ते २१ मार्च या थंडीच्या अर्ध्या वर्षात, अशी अपेक्षा असते. आणि ती मार्गदर्शिका स्वतःच सांगते की हे आकडे सक्तीचे नाहीत, जुन्या दाट वस्तीत ते सैल करावेत.

हे आकडे उचलून राजारामपुरीत आणले तर काय होईल? तुमच्या दोन भिंतींत साडेचार मीटर अंतर. २५ अंशांच्या नियमानं समोरची इमारत खिडकीच्या मध्यापासून वर दोन मीटरच चढू शकते. म्हणजे आज जे बैठं घर तिथं उभं आहे तेसुद्धा नापास. आपल्या गावातली जवळपास प्रत्येक गल्ली नापास. नापासाचा असा शिक्का घेऊन महापालिकेत गेलात तर तो कोणी वाचणार नाही, आणि न वाचण्यात त्यांची चूकही नसेल.

शिवाय सूर्यच वेगळा आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी लंडनमध्ये सूर्य क्षितिजापासून १५ अंश वर असतो. कोल्हापूर १६.७ अंश अक्षांशावर, इथं तो त्याच वेळी ५० अंशांवर असतो. १५ मीटर इमारतीची दुपारची सावली तिकडं ५६ मीटर लांब पडते, आपल्याकडं साडेबारा मीटर. आपला सगळ्यात छोटा दिवससुद्धा ११ तासांचा, तिकडचा आठ तासांपेक्षा कमी. तिकडं कुठलंही ऊन मिळालं तरी ते वरदान मानतात. इथं एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेच्या भिंतीवर सावली पडली तर आपणच दुवा देऊ. तेव्हा पद्धत घ्यायची, पास-नापासाचे आकडे घ्यायचे नाहीत. मी इथल्या कामात दोनच गोष्टी बघते: आज किती आहे आणि उद्या किती राहील. आणि ऊन बघायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं.

आता तुमचं स्वयंपाकघर. खिडकीचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर धरते. नवी इमारत त्याच्यावर साडेतेरा मीटर जाणार, अंतर साडेचार मीटर. कोन येतो ७१ ते ७२ अंश. डिसेंबरात सूर्य दुपारी ५० वर चढतो, म्हणजे तो माथ्यावरून तुम्हाला दिसणारच नाही. एक मजला काढला, उंची १२ मीटर केली, तर कोन ६७ होतो. तरीही ५० पेक्षा वरच. डिसेंबरचं दुपारचं ऊन माथ्यावरून यायचं असेल तर समोरची इमारत सात मीटरच्या आत पाहिजे, म्हणजे तुमच्या घराएवढीच. तेवढं मागण्याचा हक्क तुम्हाला नाही आणि कोणी देणारही नाही. मधल्या उंचीवर केलेली प्रत्येक तडजोड या खिडकीच्या डिसेंबरातल्या उन्हासाठी शून्य आहे.

पण सूर्य फक्त दुपारी नसतो. खिडकी त्या १२ मीटर भिंतीच्या साधारण मध्यासमोर असेल, तर ती इमारत तुमच्या दक्षिणेचा दोन्हीकडं ५३-५३ अंशांचा पट्टा झाकते. २१ डिसेंबरला सूर्य उगवतो तो आग्नेयेकडून, आणि नवाच्या सुमारास तो त्या पट्ट्यात शिरतो, इमारतीमागं जातो. बाहेर येतो संध्याकाळी चारला. म्हणजे कागदावर तुम्हाला सकाळी सात ते नऊ आणि चार ते सहा ऊन शिल्लक राहतं. कागदावर म्हणते, कारण आठला सूर्य इतका खाली असतो की आग्नेयेच्या पुढच्या घरांनी तो आधीच अडवलेला असतो. तुमच्या हाती खरं लागतं ते नऊच्या आसपासचं.

आता त्या इमारतीचे तुमच्या बाजूचे दोन कोपरे तिरके कापा. प्रत्येकी दीड बाय दीड मीटरचा त्रिकोण. पट्टा ५३ वरून ४५ अंशांवर येतो. सूर्य नऊऐवजी नऊ-पन्नासपर्यंत दिसतो. संध्याकाळी चारऐवजी सव्वातीनच्या आधीच तो बाहेर येतो. सकाळी पन्नास मिनिटं, दुपारी पन्नास मिनिटं. आणि ही सकाळची पन्नास मिनिटं सूर्य २४ ते ३४ अंश वर असतानाची आहेत, पलीकडच्या एकमजली घरांवरून सरळ आत येणारी. बिल्डरचं नुकसान किती? एका मजल्यावर दोन्ही त्रिकोण मिळून सव्वादोन चौरस मीटर, म्हणजे २४ चौरस फूट. चार मजल्यांचे शंभर चौरस फूटसुद्धा नाहीत. अख्खा मजला मागून शून्य मिनिटं, शंभर फूट मागून शंभर मिनिटं. खिडकी मध्यावर नसेल तर दोन कोपऱ्यांचे आकडे वेगळे येतील, पण हिशेबाची रीत हीच. आईच्या माडीवरच्या खिडकीलाही हेच लागू आहे, कारण डिसेंबरात तिथूनही इमारतीचा माथा ६६-६७ अंशांवर असणार.

इथं बिल्डर एक अडचण हमखास काढेल आणि ती तुम्हाला आधी माहीत असावी. तुमच्या बाजूचे दोन कोपरे म्हणजे त्याच्या इमारतीचे ईशान्य आणि वायव्य. ईशान्य कापलेला फ्लॅट विकताना गिऱ्हाईक वास्तूचं कारण सांगून निघून जातं, हे मी कित्येकदा बघितलं आहे. यावर वाद घालू नका. ईशान्येला भिंत न बांधता उघडी बाल्कनी ठेवायला सांगा. स्लॅबचा चौकोन पूर्ण राहतो, नकाशावर कोपरा कापलेला दिसत नाही, आणि दोन स्लॅबच्या मधून ऊन तुमच्याकडं येतं. अट एवढीच की कठडा विटांचा नको, सळ्यांचं रेलिंग पाहिजे, आणि ती बाल्कनी पुढं स्लायडिंग लावून कोणी बंद करू नये. ती अट लेखी घ्या, कारण बाल्कनी खोलीत घेणं हा आपल्या गावाचा आवडता उद्योग आहे. सकाळचं ऊन या ईशान्येच्या कोपऱ्यावरूनच येतं, त्यामुळं दोन्हीपैकी एकच मिळणार असेल तर हाच घ्या.

ही मागणी आत्ता करायची, आरसीसीचं डिझाइन होण्याआधी. कोपऱ्यातला कॉलम दीड मीटर आत घेणं आज पेन्सिलीचं काम आहे. फुटिंग पडल्यावर ते अशक्य आहे.

उजेडाचं बघू. इथं बातमी जास्त वाईट आहे, पण उपाय तुमच्या हातात जास्त आहेत. ओट्याची उंची साधारण ८५ सेंटीमीटर असते. योगायोग असा की ब्रिटिश पद्धतीतही घरातलं उजेडाचं माप याच उंचीवर घेतात. ओट्याच्या पातळीवर डोळा आणून खिडकीतून समोर बघायचं आणि मागं मागं सरकायचं. जिथं आभाळ दिसायचं बंद होतं तिथं जमिनीवर खूण करायची. खिडकीचा वरचा काठ २.१ मीटरवर आणि समोरचं बैठं घर चार मीटर उंच धरलं, तर आज तुम्हाला खिडकीपासून जवळपास तीन मीटर आतपर्यंत समोरचं आभाळ दिसत असणार. नव्या इमारतीनंतर हे अंतर चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर उरतं. ओट्याच्या रुंदीपेक्षाही कमी. बाजूच्या फटींतून जे तिरकं दिसेल तेवढंच.

त्यातही एक गोष्ट नव्या इमारतीची नाही, तुमच्या घराची आहे. खिडकीवर दोन फुटी छज्जा असेल तर तो खिडकीच्या मध्यातून बघताना ४५ अंशांच्या वरचं सगळं आभाळ आधीच झाकतो. आजवर जाणवलं नाही, कारण बैठ्या घराच्या २९ अंशांपासून छज्जाच्या ४५ अंशांपर्यंत मधली फट मोकळी होती. आता समोरची इमारत ७१ अंशांपर्यंत येणार आणि छज्जा ४५ च्या वरचं घेणार. समोर आभाळाचा तुकडाच उरत नाही. म्हणून बीआरईच्या पद्धतीतही छज्जा किंवा वरची बाल्कनी असलेल्या खिडकीचा हिशेब दोनदा करतात, एकदा ती धरून आणि एकदा काढून. छज्जामुळं किती गेलं आणि शेजाऱ्यामुळं किती, हे त्याशिवाय कळत नाही. दक्षिणेला पावसाची झड येते म्हणून छज्जा लागतोच हे खरं. पण काँक्रीटच्या जागी पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा लावला तर झडही अडते आणि वरचं आभाळही मिळतं. ढगाळ आभाळात डोक्यावरचा भाग क्षितिजाजवळच्या भागाच्या जवळजवळ तिप्पट उजळ असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तुमच्या स्वयंपाकघराला त्याचाच आधार असेल.

दुसरा उपाय समोरच्या भिंतीचा रंग. साडेचार मीटरच्या बोळात निम्म्याहून जास्त भरवसा परतून येणाऱ्या प्रकाशावर असतो. पांढरी किंवा फिकट भिंत पडलेल्या प्रकाशातला मोठा हिस्सा परत देते, गडद तपकिरी किंवा राखाडी भिंत तो गिळून टाकते. आजकाल एलिव्हेशनसाठी गडद टेक्स्चरची हौस आहे. तुमच्या बाजूच्या भिंतीला ते नको, हे बिल्डरशी बोलून ठरवा. त्याला याचा एक रुपया जादा पडत नाही. आणि आपल्या पावसात उत्तरेची भिंत दोन वर्षांत शेवाळून काळी पडते. तेव्हा परत रंग देताना निम्मा खर्च तुम्ही उचलायची तयारी दाखवा. शेजारधर्मही राहतो, उजेडही राहतो.

आपल्या भारतीय मानकांतही घरातल्या उजेडाचे आकडे आहेत, ते फारसं कोणी उघडून बघत नाही. आयएस २४४० मध्ये बाहेरचा उजेड ८,००० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) धरून स्वयंपाकघराला त्याच्या २.५ टक्के, अभ्यासाच्या खोलीला १.९ टक्के आणि बैठकीला ०.६२५ टक्के सांगितले आहेत. म्हणजे ओट्यावर २०० लक्स. बैठकीच्या चौपट उजेड ओट्यावर पाहिजे. ज्यांनी ही मानकं लिहिली त्यांनी घरात सर्वांत बारीक काम कुठं होतं याचा नीट विचार केला होता.

सोलरचं लवकर संपवते, कारण ते खरंच सुटण्यासारखं आहे. तुमची गच्ची सात मीटरवर धरली तर समोरची इमारत तिच्यावर आठ मीटर जाते. २१ डिसेंबरला दुपारी तिची सावली तुमच्या गच्चीवर सव्वादोन मीटर येईल, सकाळी नऊला सहा मीटरच्या जरा आत. सोलर दक्षिणेच्या कठड्यापासून सहा मीटर उत्तरेला सरकवला की थंडीतही नऊ ते चार त्या इमारतीची सावली लागत नाही. पण पंधरा मीटरच्या वर जिन्याची खोली आणि तिच्यावर पाण्याची टाकी असते, ती नकाशात असते आणि बोलण्यात कधीच नसते. ती तुमच्या बाजूच्या कडेला आली तर सकाळची सावली तुमची गच्ची ओलांडून जाईल. ती त्यांच्या दक्षिण टोकाला घ्यायला सांगा, म्हणजे निम्म्याहून जास्त सावली त्यांच्याच गच्चीवर पडेल.

आता एक गोष्ट सांगते, ती माझ्या चुकीची आहे. कामाला लागून पाचेक वर्षं झाली होती. मंगळवार पेठेत एका अपार्टमेंटचा नकाशा केला, सगळा नियमात. उत्तरेला एक जुनं चौकाचं घर होतं. तिथल्या आजी थंडीत सकाळी चौकात पाट टाकून बसायच्या, सुपात तांदूळ घेऊन. ऊन सरकेल तसा पाट सरकवायच्या. अकरापर्यंत त्या तुळशीपाशी पोचायच्या आणि उठायच्या. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी बघायला गेले नव्हते. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब पडला त्या डिसेंबरात त्यांनी मला आत बोलावलं. रागावल्या नाहीत. तुळस दाखवली. काड्या लांब झाल्या होत्या, पानं फिकट पडली होती. म्हणाल्या, "बाई, हिला तेवढी वर गच्चीत न्यायला कुणाला तरी सांग. मला जिना चढवत नाही." मी ती तुळस तेलाच्या डब्यात लावून वर नेली. त्या मात्र खालीच राहिल्या. त्या चौकात मी आधी एक सकाळ उभी राहिले असते तर इमारत चार फूट पश्चिमेला सरकवता आली असती, जागा होती. तेव्हापासून उत्तरेच्या शेजाऱ्याच्या घरात गेल्याशिवाय मी नकाशाला हात लावत नाही.

महापालिकेचं आणि कायद्याचं. बांधकाम परवानगी राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीनं, म्हणजे २०२० च्या यूडीसीपीआरनं चालते. त्यात उंची, रस्त्याची रुंदी, साइड मार्जिन, एफएसआय आणि खोलीला खिडकी किती हे तपासतात. शेजाऱ्याच्या खिडकीतला उजेड किती घटतो याचा रिपोर्ट त्या फाइलमध्ये कुठं लावायची सोय नाही. उजेडाच्या मुद्द्यावर हरकत घेतली तर ती बाजूला पडेल. मार्जिन कमी पडत असेल, मंजूर नकाशापेक्षा वेगळं बांधत असतील, तर ती हरकत टिकते. मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागून घ्या.

उजेडाचा हक्क वेगळ्या कायद्यात आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२, कलम १५. एखाद्या इमारतीला वीस वर्षं अखंड, शांतपणे, हक्क म्हणून उजेड आणि हवा मिळत असेल तर तो हक्क पक्का होतो. तुमच्या खिडक्या १९७९ पासून तिथंच असतील तर वीस वर्षं कधीच उलटली. पण दोन गोष्टी नीट समजून घ्या. कलम ३३ प्रमाणं थोडा उजेड कमी झाला एवढं पुरत नाही. राहणाऱ्याच्या शारीरिक सुखसोयीत खरीखुरी बाधा यावी लागते, किंवा घराची किंमत ठोसपणे कमी व्हावी लागते, किंवा चालू धंदा पूर्वीइतक्या फायद्यानं करता येऊ नये असं व्हावं लागतं. आणि अडथळा कळल्यावर वर्षभर गप्प बसलात तर ती संमती धरली जाऊ शकते. हा हक्क खिडकीचा आहे, समोरच्या देखाव्याचा नाही. १९७९ नंतर खिडकी हलवली किंवा मोठी केली असेल तर ते वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा. माझा अनुभव विचाराल तर कोर्टात जाऊन उजेड परत मिळवलेली घरं मी फार थोडी बघितली, टेबलावर नकाशा पसरून मिळवलेली बरीच.

टेबलावर बसताना एक प्रश्न स्वतःला आधी विचारा. तुमची स्वतःची भिंत हद्दीपासून दीड मीटर आहे, त्याची तीन मीटर. ब्रिटिश पद्धतीत यासाठी एक न्याय्य युक्ती आहे. तुमच्याच इमारतीची आरशातली प्रतिमा हद्दीच्या पलीकडं उभी आहे असं धरायचं, तेवढ्याच उंचीची, तेवढ्याच अंतरावर, आणि तिच्यामुळं तुमचा उजेड किती घटला असता ते काढायचं. तेवढी घट तर तुमच्या घराच्या जागेमुळंच होणार होती, शेजाऱ्याकडं बोट दाखवता येत नाही. त्याच्या पलीकडची घट मात्र त्याची. तुमचं घर सात मीटर उंच, तेव्हा त्याला तीन मीटरवर आणखी कितीतरी उंच जायचं आहे, त्यामुळं तुमची बाजू बळकटच राहते. पण हा हिशेब तुम्ही स्वतः मांडलात तर समोरचा माणूस ऐकायला लागतो. मी दोन्ही बाजूंनी या टेबलावर बसले आहे. "आमचं ऊन गेलं" म्हटलं की वाद होतो. "२१ डिसेंबरला नऊ ते नऊ-पन्नास, या कोपऱ्यावरून" म्हटलं की बिल्डरचा आर्किटेक्ट पेन काढतो.

मोजायचं ते आत्ता, समोरचं बैठं घर उभं आहे तोवर. ते पडलं की आज काय मिळत होतं याचा पुरावाच राहत नाही. टेप, ओळंबा आणि खडू एवढं पुरतं. आधी उत्तर दिशा काढा. सातबाऱ्याच्या किंवा प्रॉपर्टी कार्डाच्या नकाशावरचा बाण आणि फोनमधलं होकायंत्र दोन्हींवर विसंबू नका, गच्चीतल्या लोखंडी सळ्यांजवळ होकायंत्र फिरतं. गच्चीवर ओळंबा टांगा. कोल्हापुरात सूर्य बाराला डोक्यावर येत नाही, घड्याळाप्रमाणं त्याची वेळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१७ पासून फेब्रुवारीच्या मध्याला १२:४७ पर्यंत सरकते. २१ डिसेंबरला ती १२:३१. त्या मिनिटाला दोरीची जी सावली पडेल ती बरोबर दक्षिणोत्तर. ती रेघ खडूनं मारून ठेवा, फोटो काढा.

मग आईच्या खोलीत जा. सकाळी आठपासून दर अर्ध्या तासाला उन्हाच्या कवडशाची कड फरशीवर खडूनं ओढा आणि शेजारी वेळ लिहा. ढग असतील तर दुसऱ्या दिवशी करा, आठवडाभर इकडं-तिकडं फारसा फरक पडत नाही. आईंना विचारा, त्या कुठं बसतात आणि कधी उठतात. ती जागाही नकाशावर दाखवा. खिडक्यांची मापं, छज्जाची रुंदी, समोरच्या घराची उंची आणि दोन भिंतींतलं खरं अंतर तीन ठिकाणी मोजून लिहा, जुन्या हद्दी क्वचितच समांतर असतात. एवढं घेऊन बिल्डरच्या आर्किटेक्टकडं जाण्याआधी एकदा माझ्याकडं या. कोपरा नेमका किती कापायचा ते त्या खडूच्या रेघांवरून काढू.